चौथा क्रमांक नक्की कशात? देशाची श्रीमंती मोजण्याची गोष्ट

मे २०२५ मध्ये नीती आयोगाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी पत्रकारांना सांगितलं, की भारताने जपानला मागे टाकलं असून तो आता जगातली चौथ्या क्रमांकाची अर्थव्यवस्था झाला आहे. आधार होता आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या एप्रिलमधल्या अंदाजाचा. त्यात २०२५ सालासाठी भारताचा आकडा होता ४.१८७ ट्रिलियन डॉलर आणि जपानचा ४.१८६. (एक ट्रिलियन म्हणजे आपले एक लाख कोटी.) फरक दशांश चिन्हानंतरच्या तिसऱ्या घरातला, आणि तोही वर्ष संपायच्या कितीतरी आधी वर्तवलेला. तरी व्हायचा तो जल्लोष झालाच. लगोलग दुसऱ्या बाजूने ‘दरडोई बघा, दरडोई’ असा प्रतिटोलाही आला. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे भांडण पुढे कितीतरी दिवस पुरलं.

गंमत अशी, की दोन्ही बाजू ‘श्रीमंत देश’, ‘गरीब देश’ असं म्हणत भांडतात, पण ज्या आकड्यावरून भांडतात तो श्रीमंतीचा आकडाच नाही. देशाजवळ काय आहे, हे तो सांगत नाही. देशाने वर्षभरात काय निर्माण केलं, एवढंच सांगतो. या दोन गोष्टींतलं अंतर केवढं मोठं असू शकतं, याचा अनुभव जगातल्या एका इवल्याशा देशाने घेतलाय आणि आपल्या शेजारच्या गोव्यानेही.

टीएमसी वेगळे, क्युसेक वेगळे

पावसाळ्यात कराड-सांगलीकडे घरोघरी दोन आकडे विचारले जातात: कोयनेत किती टीएमसी झालं आणि किती क्युसेकने सोडलंय. पहिला आकडा साठ्याचा. कोयना भरली की साधारण १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट. दुसरा विसर्गाचा, म्हणजे दर सेकंदाला किती घनफूट पाणी बाहेर पडतंय त्याचा. विसर्ग वाढला म्हणून धरण मोठं झालं, असं तिथलं शाळकरी पोरही म्हणणार नाही.

जीडीपी हा क्युसेकचा आकडा आहे. सकल देशांतर्गत उत्पादन असं त्याचं भारदस्त नाव. देशाच्या हद्दीत एका वर्षात तयार झालेल्या वस्तू आणि सेवांचं पैशातलं मोल, इतकाच त्याचा अर्थ. एकच गोष्ट दोनदा मोजली जाऊ नये म्हणून प्रत्येक टप्प्यावर नव्याने पडलेली भर तेवढी धरतात: शेतकऱ्याने गहू विकला, गिरणीवाल्याने पीठ केलं, बेकरीने पाव भाजला, तर पावाची पूर्ण किंमत एकदाच हिशेबात येते. २०२४-२५ साठी सांख्यिकी कार्यालयाने मे २०२५ मध्ये दिलेला भारताचा आकडा होता सुमारे ३३० लाख कोटी रुपये. एक एप्रिल उजाडला की मोजणी पुन्हा शून्यापासून.

संपत्ती म्हणजे टीएमसी. रस्ते, पूल, कारखाने, घरं, यंत्रं. शेतजमीन, जंगल, खनिजं, भूजल. लोकांचं शिक्षण, कौशल्य आणि आरोग्य. शिवाय परदेशात आपलं जे येणं असेल त्यातून देणं वजा करून उरेल ते. दरवर्षीचं उत्पादन या साठ्यातूनच निघतं. काही उत्पादन पुन्हा साठ्यात जातं: नवा पूल, नवं कॉलेज, लावलेली आणि जगवलेली झाडं. काही नुसतं वाहून जातं.

धरणात गाळ साचतो तशी यंत्रांची आणि इमारतींची झीज होते. तिला घसारा म्हणतात. जीडीपीतला ‘सकल’ हा शब्द सांगतो की ही झीज वजा केलेली नाही. ती वजा केली की निव्वळ उत्पादन मिळतं. तो आकडाही दरवर्षी प्रसिद्ध होतो, पण त्याची बातमी होत नाही.

जपान खरंच मागे पडला का?

२०१२ मध्ये जपानचा जीडीपी सव्वासहा ट्रिलियन डॉलरच्या आसपास होता. २०२४ मध्ये तो चारवर आला. बारा वर्षांत एक तृतीयांश देश बुडाला? मुळीच नाही. येनमध्ये मोजलं तर त्याच काळात जपानचं उत्पादन साधारण ५०० लाख कोटींवरून ६०० लाख कोटींवर गेलं. बदलला तो येनचा भाव. २०१२ मध्ये एका डॉलरला ८० येन पडत, २०२४ मध्ये १५०च्या आसपास. क्रमवारी डॉलरमध्ये लावतात, म्हणून जपान घसरला. उद्या येन वधारला किंवा रुपया पडला तर क्रम परत उलटेल, आणि त्यासाठी दोन्ही देशांतल्या एकाही कारखान्यात एकही वस्तू कमी-जास्त बनायची गरज नाही.

यावर उपाय म्हणून दुसरी पद्धत आहे, क्रयशक्तीने मोजण्याची. पुण्यात केस कापायला लागतात तेवढ्या पैशात टोकियोतल्या न्हाव्याच्या खुर्चीत बसायलाही मिळणार नाही. पण कापलेले केस तेवढेच. दोन्हीकडच्या किमतींतला हा फरक काढून टाकला की भारत बऱ्याच वर्षांपासून तिसरा आहे. दरडोईचा मुद्दा तर उघडच आहे: नाणेनिधीच्या त्याच अंदाजात माणशी जपानचे जवळजवळ ३४ हजार डॉलर, आपले २,९००च्याही आत.

पण हे सगळे क्युसेकचेच खेळ झाले. साठ्याचं काय? तीस वर्षांहून जास्त काळ जपान हा जगाचा सर्वांत मोठा धनको होता, म्हणजे इतर देशांकडून त्याचं निव्वळ येणं सर्वाधिक होतं. २०२४ अखेर जर्मनीने त्याला मागे टाकलं. भारत अजून निव्वळ देणेकरी आहे. तरुण, वाढणाऱ्या देशाने बाहेरून भांडवल घ्यावं यात गैर काही नाही. फक्त ‘जपानला मागे टाकलं’ या वाक्यात हा साठा कुठेच नाही, हे ध्यानात असावं.

दादाभाईंचे वीस रुपये

देशाचं उत्पन्न मोजायची खटपट पहिल्यांदा केली ती कर वसूल करणाऱ्यांनी. १६६५ मध्ये विल्यम पेटी या इंग्रज डॉक्टराने, डचांशी चाललेल्या युद्धाचा खर्च कुणावर किती टाकावा हे ठरवण्यासाठी, इंग्लंडचा हिशेब मांडला. वर्षाचं उत्पन्न चार कोटी पौंड. मग त्याने साठाही मोजला: जमीन, घरं, जहाजं, गुरं, नाणी मिळून २५ कोटी. आणि पुढे जाऊन माणसांच्या कष्टाचं भांडवली मोल काढलं: ४१ कोटी ७० लाख. म्हणजे त्याच्या हिशेबात देशाच्या एकूण संपत्तीतला साठ टक्क्यांहून मोठा वाटा माणसांचा होता. जागतिक बँक गेली काही वर्षं देशांची संपत्ती मोजते, त्यातही जगभराचा विचार करता मानवी भांडवलाचा वाटा साठ टक्क्यांच्या वरच निघतो. पेटीचे आकडे ढोबळ होते, जुळणं योगायोगाचं असेल. पण साठा आणि विसर्ग हे दोन वेगळे कप्पे आहेत हे साडेतीनशे वर्षांपूर्वी त्या माणसाला कळत होतं.

आपल्याकडे हे काम सुरू केलं दादाभाई नौरोजींनी, आणि त्यांची गरज नेमकी उलटी होती. कर घेणाऱ्या सरकारला दाखवायचं होतं की घेण्याजोगं इथे फार उरलेलं नाही. त्यांनी प्रांतोप्रांतीचे सरकारी आकडेच घेतले. किती एकर, एकरी किती पीक, काय भाव, असं करत सगळ्या पिकांची बेरीज केली, त्यात इतर उद्योगांची भर घातली. १८६७ ते १८७० या काळासाठी उत्तर आलं माणशी वर्षाला वीस रुपये. मग त्यांनी हा आकडा तुरुंगातल्या कैद्याच्या खर्चाशेजारी ठेवला. कैद्याला जिवंत ठेवायला सरकारला जेवढा खर्च येत होता, तेवढंही सरासरी रयतेच्या वाट्याला येत नव्हतं. १८७६ मध्ये मुंबईत त्यांनी हा हिशेब निबंध म्हणून वाचला. शत्रूच्याच वहीतून शत्रूविरुद्ध पुरावा काढायचा, ही त्यांची खासियत.

सरकार गप्प बसणार नव्हतं. १८८२ मध्ये बेअरिंग आणि बार्बर या अधिकाऱ्यांनी २७ रुपये काढले. शतक बदलताना व्हाइसरॉय कर्झन ३० म्हणाला. त्याच सुमारास विल्यम डिग्बी या इंग्रजानेच १७च्या आसपासचा आकडा मांडला. देश एक, रयत तीच, आकडे १७ ते ३०. आज जीडीपीच्या आकड्यांवरून राजकारण होतं म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की हा आकडा या देशात जन्मालाच राजकारणातून आला.

दादाभाईंचा हिशेब अपुरा होता. त्यांनी फक्त वस्तू धरल्या. शिक्षक, वकील, वैद्य यांच्या सेवा धरल्या नाहीत. ती उणीव पुढे अर्थशास्त्रज्ञ व्ही. के. आर. व्ही. राव यांनी भरून काढली आणि १९३१-३२ साठी ब्रिटिश हिंदुस्थानचं दरडोई उत्पन्न सुमारे ६२ रुपये काढलं. मधल्या काळात भाव बदलले, पद्धतही बदलली, त्यामुळे हे ६२ दादाभाईंच्या २० शेजारी ठेवून प्रगती झाली असं म्हणता येत नाही. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. अध्यक्ष संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस, सदस्य राव आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. आज जो आकडा दर तिमाहीला टीव्हीवर झळकतो त्याची घडी या तिघांनी बसवली. गाडगीळांचं नाव इथे मुद्दाम घेतलं. त्यांच्या घराशी या लेखाचं आणखी एक काम आहे.

दादाभाईंची दुसरी तक्रार जास्त खोल होती. उत्पादन इथे होतं, पण त्यातला मोठा हिस्सा बाहेर जातो, असं ते सांगत होते. जीडीपीला हे दिसत नाही, कारण तो हद्द बघतो, मालक बघत नाही. आयर्लंडने याचा कळस पाहिला. २०१५ मध्ये त्या देशाचा जीडीपी एका वर्षात २६ टक्क्यांनी वाढल्याची घोषणा झाली. आयरिश माणूस एका वर्षात सव्वापट श्रीमंत झाला नव्हता. बड्या बहुराष्ट्रीय कंपन्यांनी कर वाचवण्यासाठी आपले पेटंट आणि तत्सम हक्क कागदोपत्री तिथे हलवले होते, एवढंच. शेवटी आयर्लंडला स्वतःसाठी वेगळा, कंपन्यांचा फुगवटा काढून टाकलेला आकडा तयार करावा लागला.

आईने केलेली भाकरी कुठे गेली?

आता मोजणीच्या हद्दीकडे येऊ. काय धरायचं आणि काय नाही, हे संयुक्त राष्ट्रांच्या एका नियमपुस्तिकेत ठरलेलं असतं. जगातले बहुतेक देश ती पाळतात.

त्या नियमांप्रमाणे शेतकऱ्याने घरी खायला ठेवलेली ज्वारी जीडीपीत धरतात, जरी ती बाजारात गेली नाही तरी. तुम्ही स्वतःच्या घरात राहत असाल तर तुम्ही स्वतःलाच भाडं देताय असं समजून तेही धरतात. नाहीतर भाड्याने राहणाऱ्यांचा देश मालकीच्या घरांत राहणाऱ्यांच्या देशापेक्षा श्रीमंत दिसेल. पण त्या ज्वारीची भाकरी घरातल्या बाईने केली तर तिचे कष्ट धरत नाहीत. खानावळीत तीच भाकरी केली तर धरतात. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८ मिनिटं. रोजचे जवळजवळ पाच तास, देशभरातल्या कोट्यवधी बायकांचे, आणि हिशेबात शून्य.

नियम करणाऱ्यांचं म्हणणं असं, की घरकाम धरलं तर आकडा एवढा फुगेल आणि एवढा अंदाजपंचे होईल की बाजारातली मंदी-तेजी त्यात दिसणारच नाही. मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. पण मालकीच्या घराचं काल्पनिक भाडं अंदाजाने चालतं आणि भाकरी चालत नाही, हे काही निव्वळ गणिताने ठरलेलं नाही.

हद्द सरकवली की देश रातोरात ‘श्रीमंत’ होतो. १९८७ मध्ये इटलीने लपूनछपून चालणाऱ्या धंद्यांचा अंदाज हिशेबात घेतला आणि ब्रिटनला मागे टाकल्याचा आनंद साजरा केला. २०१४ मध्ये नायजेरियाने पायाभूत वर्ष १९९० वरून २०१० केलं. पायाभूत वर्ष म्हणजे ज्या वर्षाच्या किमती आणि उद्योगांची घडण प्रमाण मानून पुढची मोजणी करतात ते वर्ष. १९९० मध्ये तिथे मोबाइल नव्हते, चित्रपटसृष्टी नगण्य होती. नवं वर्ष धरल्यावर जीडीपी ८९ टक्क्यांनी वाढला आणि नायजेरिया एका दुपारी दक्षिण आफ्रिकेला ओलांडून गेला. लागोसमध्ये त्या संध्याकाळी कुणाच्या ताटात जास्त वाढलं गेलं नाही.

आपलं पायाभूत वर्षही दीर्घकाळ २०११-१२ होतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये नाणेनिधीने भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकडेवारीला ‘सी’ दर्जा (ए ते डी या चारांतला तिसरा) दिला, त्यामागच्या कारणांत हे जुनं वर्ष होतं आणि उत्पादकांच्या किमतींचा निर्देशांक नसल्याने घाऊक भावांवर काम भागवणंही होतं. २०२२-२३ या वर्षावर आधारलेली नवी मालिका आणायचं काम सांख्यिकी मंत्रालयाने त्याआधीच हाती घेतलं होतं. ‘सी’ म्हणजे आकडे खोटे, असा अर्थ नाही. पण दशांशाच्या तिसऱ्या घरावरून पताका लावण्याइतके ते बारीकही नाहीत.

नौरू: साठा विकून खाल्ला त्याची गोष्ट

प्रशांत महासागरात नौरू नावाचा देश आहे. क्षेत्रफळ २१ चौरस किलोमीटर. या बेटाच्या पोटात उत्तम प्रतीचं फॉस्फेट होतं, खतासाठी सोन्याच्या भावाने जाणारं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आधी जर्मनांच्या अमलात आणि नंतर ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, न्यूझीलंड यांनी ते खणलं. १९६८ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि थोड्याच काळात खाणी त्याच्या हाती आल्या. पुढची काही वर्षं दरडोई उत्पन्नात नौरू जगातल्या अगदी वरच्या देशांत होता. क्रमवारीचा जल्लोष करायचा तर तेव्हा नौरूने करायला हवा होता.

पैसा गुंतवलाही गेला. मेलबर्नमध्ये ५२ मजली नौरू हाउस उभं राहिलं. लंडनच्या रंगभूमीवर लिओनार्दो दा विंचीवरच्या एका संगीतिकेत सरकारी पैसा घातला गेला, १९९३ मध्ये, ती आपटली. विमानं घेतली, हॉटेलं घेतली, कर्जं काढली. फॉस्फेट संपत आलं तेव्हा बेटाचा जवळजवळ चार पंचमांश भाग खणून काढलेला होता: मधे चुनखडीचे सुळके, ना शेती ना वस्ती. २००४ मध्ये नौरू हाउस विकलं गेलं. त्याआधीच ऑस्ट्रेलियाने आपल्याकडे येणारे निर्वासित ठेवण्यासाठी नौरूवर छावणी उघडली होती. देशाचं उत्पन्न आता काही प्रमाणात त्या छावणीच्या भाड्यावर आलं.

जीडीपीच्या हिशेबात खाणीचं प्रत्येक वर्ष ‘उत्पन्नाचं’ वर्ष होतं. खरं तर ते मालमत्ता विकण्याचं वर्ष होतं. घर विकून आलेले पैसे पगार म्हणून वहीत लिहिले तर त्या वर्षी माणूस गावात सर्वांत श्रीमंत दिसणारच.

नॉर्वेलाही १९६९ मध्ये तेल सापडलं. त्यांनी १९९० मध्ये कायदा करून तेलाच्या पैशांचा निधी उभा केला, १९९६ पासून त्यात पैसे टाकले आणि साधारण नियम असा ठेवला, की सरकारने वर्षाला निधीच्या अपेक्षित परताव्याइतकंच, म्हणजे आता तीन टक्क्यांच्या आसपास वापरावं. जमिनीखालचा साठा कमी होतो, तो शेअर आणि रोख्यांच्या रूपात जमिनीवर शिल्लक राहतो.

डिचोली, सांगे आणि दहा टक्के

हे सगळं दूरदेशीचं वाटत असेल तर गोव्यात या. चीनच्या पोलाद कारखान्यांची भूक वाढली त्या वर्षांत डिचोली, सत्तरी, सांगे भागातून लोहखनिजाचे ट्रक रांगेने निघत आणि मांडवी-झुआरीतून बार्जी भरभरून बंदराकडे जात. राज्याच्या उत्पन्नात ते सगळं ‘वाढ’ म्हणून चढत होतं. शेतांत उतरलेली लाल माती, आटलेल्या विहिरी, खणून गेलेला डोंगर हे वजा होत नव्हतं. घसाऱ्याच्या नियमांत ट्रकचा टायर झिजला तर त्याची नोंद होते, डोंगर झिजला तर होत नाही.

बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या अहवालानंतर ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातलं खाणकाम थांबवलं. एप्रिल २०१४ च्या निकालात ते पुन्हा सुरू करायला परवानगी देताना वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली, आणि एक फार महत्त्वाची अट टाकली: विकलेल्या खनिजाच्या किमतीतले दहा टक्के एका कायम निधीत जावेत, पुढच्या पिढ्यांसाठी. गोवा लोहखनिज कायम निधी असं त्याचं नाव. ज्यांची मालमत्ता विकली जातेय त्यांच्यातले कित्येक अजून जन्मायचे आहेत, हे या देशात एका न्यायालयाने रुपयांच्या भाषेत मान्य केलं. दहा टक्के पुरेसे नाहीत, असं मला वाटतं. पण शून्याच्या मानाने हा मोठा आकडा आहे.

महाराष्ट्रात हेच भूजलाचं. मराठवाड्यात बोअर पाडला की ती गुंतवणूक म्हणून जीडीपीत धरली जाते. त्या पाण्यावरचा ऊस धरला जातो. पाणी पाचशे, सातशे फुटांखाली गेल्यावर पुन्हा बोअर पाडला, तोही. शेवटी टँकर लागला, तोही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तो खर्चसुद्धा देशाच्या उत्पादनात भरच घालून गेला. प्रत्येक पायरीवर आकडा वाढला. खडकातलं संपलेलं पाणी मात्र कुठल्याच रकान्यात उणं झालं नाही.

मग जीडीपी फेकून द्यायचा का?

नाही. विसर्गाचा आकडा कळला नाही तर नदीकाठचं गाव वेळेत हलवता येत नाही. एप्रिल ते जून २०२० या टाळेबंदीच्या तिमाहीत उत्पादन सुमारे २४ टक्क्यांनी घसरलं, हे जीडीपीनेच सांगितलं. रोजगार, करवसुली, कर्ज फेडायची ऐपत, हे सगळं वर्षाच्या उत्पादनाशी बांधलेलं असतं. अमेरिकेत १९३४ मध्ये सायमन कुझनेट्सने मंदीच्या काळात राष्ट्रीय उत्पन्नाचा पहिला नीट हिशेब संसदेला दिला, तेव्हा त्यानेच बजावलं होतं की यावरून देशाचं भलं चाललंय की नाही हे ठरवू नका. हत्यार बनवणाऱ्याने ते कशासाठी नाही हे सांगून ठेवलं होतं.

‘आधी पोट भरू द्या, मग जंगलं मोजा’

हा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. युरोपने जंगलं तोडून, कोळसा जाळून आधी श्रीमंती मिळवली, मग हिशेब मांडायला बसला. आम्हाला मात्र सुरुवातीलाच हिशेब का?

कारण गरीब माणसाच्या संपत्तीत निसर्गाचा वाटा मोठा असतो. मुंबईतल्या सदनिकेत राहणाऱ्याची मालमत्ता बँकेत, फ्लॅटमध्ये, पदवीत असते. गडचिरोलीतल्या ग्रामसभेची मोहात, तेंदूत, बांबूत असते. जंगल गेलं तर पहिल्याला उकडेल, दुसऱ्याची तिजोरी फुटेल. त्यामुळे साठा न मोजण्याचा तोटा आधी गरिबालाच होतो. रस्ता, धरण, खाण होऊच नये असा याचा अर्थ नाही. होताना काय उणं झालं तेही त्याच पानावर लिहिलं जावं, इतकाच आहे.

केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ पार्थ दासगुप्ता यांनी ब्रिटनच्या अर्थखात्यासाठी २०२१ मध्ये केलेल्या अहवालात १९९२ ते २०१४ चा जगाचा हिशेब आहे. माणशी बांधीव भांडवल दुप्पट झालं, मानवी भांडवल सुमारे १३ टक्क्यांनी वाढलं, नैसर्गिक भांडवल जवळजवळ ४० टक्क्यांनी घटलं. भारत सरकारनेही त्याच दासगुप्तांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञगट नेमला होता. हिरव्या हिशेबाचा, म्हणजे निसर्गाचा साठाही धरणाऱ्या राष्ट्रीय हिशेबाचा, आराखडा त्यांनी २०१३ मध्ये दिला. सांख्यिकी मंत्रालय गेली काही वर्षं जंगल, पाणी, माती यांचे हिशेब वेगळे प्रसिद्धही करतं. मुख्य आकड्याशेजारी ते बसत नाहीत, ही अडचण.

देवराईची किंमत कोण लावणार?

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो: निसर्गाला भाव लावला की तो विकायला काढलाच म्हणून समजा. इथे धनंजयराव गाडगीळांच्या घरी परत जावं लागतं. वडिलांनी देशाचं उत्पन्न मोजायची घडी बसवली. मुलाने, माधव गाडगीळांनी, सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला आणि २०११ मध्ये पश्चिम घाट तज्ज्ञ समितीचा अहवाल दिला. वडिलांच्या वहीत जे मावत नव्हतं त्याबद्दल तो अहवाल होता, असं म्हटलं तर फार ताणल्यासारखं होऊ नये. त्यावरून केवढं वादळ उठलं ते कोकणात सगळ्यांना आठवत असेल.

आक्षेपात तथ्य आहे. देवराईतल्या झाडाची किंमत लाकडाच्या भावाने काढली तर ती हास्यास्पद येते, श्रद्धेच्या भावाने काढायला गेलं तर निघतच नाही. मानवी भांडवलाचंही तसंच: ते आयुष्यभराच्या अपेक्षित कमाईवरून काढतात, म्हणून बिनपगारी राबणारी बाई तिथेही स्वस्त ठरते. पण भाव न लावण्याचा परिणाम ‘अमूल्य’ असा होत नाही. प्रकल्पाच्या नफ्या-तोट्याच्या तक्त्यात ज्या रकान्यात काही लिहिलेलं नसतं तो बेरजेत शून्यच धरला जातो.

माझा कल मधल्या वाटेकडे आहे. सगळं रुपयात आणायचा अट्टहास नको. आधी टीएमसीत, हेक्टरात, टनांत मोजा आणि ते आकडे जीडीपीच्याच दिवशी, त्याच पत्रकात द्या. भूजल किती फूट खाली गेलं हे समजायला शेतकऱ्याला त्याचे रुपये करून द्यावे लागत नाहीत.

नियमपुस्तिका बदलली आहे

मार्च २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने राष्ट्रीय हिशेबांची नवी नियमपुस्तिका मंजूर केली. आधीची २००८ ची होती. नव्या नियमांप्रमाणे खनिज, तेल, जंगल यांची झालेली घट हा उत्पादनाचा खर्च म्हणून धरायचा आहे, यंत्राच्या घसाऱ्यासारखाच. त्यामुळे निव्वळ उत्पादनातून ती वजा होईल, आणि सकलपेक्षा निव्वळ आकड्याला जास्त महत्त्व द्यावं असा त्या पुस्तिकेचा आग्रह आहे. देशांनी हे साधारण २०२९-३० पर्यंत अमलात आणावं अशी अपेक्षा आहे. सकल आकडा मात्र तसाच राहील. डोंगर गेला तरी जीडीपी कमी होणार नाही.

घरकामाच्या बाबतीत हद्द सरकलेली नाही. त्यासाठी वेगळे पूरक तक्ते करावेत, एवढंच सुचवलं आहे. आपल्याकडे वेळ-वापराची दोन देशव्यापी सर्वेक्षणं, २०१९ ची आणि २०२४ ची, झालेली आहेत, म्हणजे असा तक्ता करायला लागणारी मिनिटं सरकारजमा आहेत. त्या मिनिटांना कोणता दर लावायचा, स्वयंपाकीण बाईचा की शहरातल्या हॉटेलच्या आचाऱ्याचा, यावर आता भांडण व्हायला हवं.